कोरं पाणी

घोटबाई बसमधून उतरली ती घरी गेलीच नाही. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात स्टीलची बाटली घेऊन ती तडक पाणी-शुद्धीकरण केंद्राच्या फाटकाशी हजर झाली. सात वाजायला दहा मिनिटं होती. लेकीच्या बाळंतपणासाठी घेतलेली वीस दिवसांची रजा आदल्या दिवशी संपली होती. "आधी घरी ये, आंघोळ कर, मग जा," असं नवऱ्याने फोनवर सांगून पाहिलं होतं. पण संसारातलं सोडा, निदान सव्वीस वर्षांच्या नोकरीत तरी तिने त्याचं ऐकल्याची नोंद नाही.

घोटबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते केंद्रातल्या फिटरने पहिल्याच वर्षी ठेवलं आणि चिकटलं. तिचं कामच तसं होतं. पाण्यातला गढूळपणा मोजायला यंत्र असतं, जंतू बघायला यंत्र असतं. पण पाणी तोंडात घेतल्यावर माणूस तोंड वाकडं करेल की नाही, हे माणसाचंच तोंड सांगतं. म्हणून रोज सकाळी सातला चार माणसं एका टेबलाभोवती बसून शहराचं पाणी हुंगत आणि चाखत. घोटबाई, फिटर, पंपवाला आणि टायपिस्टबाई. त्यांतला एकही जण शास्त्रज्ञ नव्हता. नाकाची परीक्षा घेऊन निवडलेली माणसं होती ती, आणि घोटबाई त्यांची म्होरकी.

खोलीही तिचीच म्हणायची. भिंतीवर तिच्या अक्षरात नियम लावलेले: सुवासिक साबण नको, केसांना तेल नको, आधी तासभर चहा नको, भांडलात तर बाहेर भांडा. एकदा अत्तर लावून आलेल्या पाहुण्या अधिकाऱ्याला तिने दारातून परत पाठवलं होतं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो गेला.

त्या दिवशी केमिस्ट मॅडमने ग्लास मांडून ठेवले होते. मॅडम पस्तिशीची, सहा महिन्यांपूर्वी हंगामी जागेवर आलेली. घोटबाई तिला मॅडम म्हणायची आणि तू करायची. प्रत्येकासमोर दोन ग्लास, वर काचेची झाकणं. एकात केंद्राचं पाणी, दुसऱ्यात कोरं पाणी. कोरं पाणी म्हणजे ज्याला कसलाच वास नाही असं पाणी. कोपऱ्यात कोळशाच्या दाण्यांनी भरलेली एक उंच काचेची नळी होती, तिच्यातून नळाचं पाणी थेंबथेंब गाळून ते तयार व्हायचं. कोळसा सगळे वास गिळतो. त्या कोऱ्या पाण्याशी ताडून पाहायचं, फरक असेल तर आकडा लिहायचा, नसेल तर शून्य.

घोटबाईने ग्लास तळहातात धरला. पाणी किंचित कोमट केलेलं होतं, कारण गार पाणी आपला वास धरून ठेवतं. तिने ग्लास गोल फिरवला, झाकण उचललं, तीन छोटे श्वास घेतले. काही नाही. मग घोट घेतला, जिभेवर घोळवला, थुंकला आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडला.

आणि ती एकदम एकवीस वर्षांची झाली. समोर नवं कोरं लोखंडी कपाट उभं होतं. लग्नानंतर घेतलेलं पहिलं कपाट, आत हिरवा रंग, दार उघडलं की डोक्यात जाणारा वास. त्या वासाने तिच्या सगळ्या साड्या सहा महिने नासवल्या होत्या.

"कपाट," ती म्हणाली.

"काय?" फिटर म्हणाला.

"रंग. नवा रंग आहे पाण्यात. तुम्हाला नाही लागला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांच्या कागदावर शून्य होतं. पंपवाल्याने तिच्यासाठी म्हणून आणखी एक घोट घेतला, डोळे मिटले, मान हलवली. "काही नाही हो घोटबाई. रोजचंच पाणी आहे."

तिने पुन्हा घोट घेतला. कपाट अर्धं पुसट झालं होतं. तिसऱ्या घोटाला ते गेलंच. आता तिलाही रोजचंच पाणी लागत होतं. तिला संताप आला. नाकाचा नव्हे, नाकाच्या या खोडीचा. नाक असंच असतं. नवा पाहुणा दिसला की आरडाओरडा करतं, आणि तो जरा बसला की त्याला घरचाच समजतं. मच्छीबाजारातल्या माणसाला मासळीचा वास येत नाही तो यामुळेच. दिवसाला एक प्रामाणिक घोट मिळतो, आणि तिचा आजचा घोट खर्च झाला होता.

"मी नसताना काय काय झालं इथं?" तिने विचारलं.

मॅडमने वही पाहिली. "दोन नंबरच्या टाकीला आतून नवा लेप दिला. बारा दिवस झाले टाकी भरून. पण मावशी, रोज चौघांनी चाखलंय. तुमच्या जागी मी बसत होते. रोज शून्य आहे."

इतक्यात साहेब आले. केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. लेपाचं काम त्यांच्याच देखरेखीखाली वेळेआधी संपलं होतं आणि वरून शाबासकीचं पत्रही आलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक ग्लास उचलला आणि गटागटा प्यायले.

"चव उत्तम आहे," ते म्हणाले.

"साहेब, खिशात गोळ्या आहेत ना तुमच्या? संत्र्याच्या?"

"आहेत. का?"

"नाक घट्ट धरा आणि एक गोळी तोंडात टाका."

सगळ्यांच्या देखत साहेबांनी नाक धरलं. घोटबाईला नाही म्हणणं हा वेळखाऊ प्रकार असतो, हे ते अनुभवाने शिकले होते.

"काय लागतंय?"

"गोड. आंबट," साहेब दाबलेल्या नाकाच्या आवाजात म्हणाले.

"संत्रं?"

साहेब थांबले. "नाही."

"आता नाक सोडा."

त्यांनी नाक सोडलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. संत्रं आलं होतं.

"जिभेला फक्त गोड, खारट, आंबट, कडू आणि रश्शासारखी एक मुरलेली चव, एवढंच कळतं. बाकी सगळं नाक सांगतं, तेही घशाच्या मागच्या दाराने. तुम्ही गटागटा प्यायलात, श्वास सोडलाच नाहीत. मग चव उत्तमच असणार."

टायपिस्टबाईने खोकल्याचं निमित्त करून हसू लपवलं. साहेबांना ते दिसलं आणि तिथेच बिनसलं.

"बाई, नव्या यंत्राने पाणी पास केलंय. चार माणसांनी बारा दिवस पास केलंय. तुम्ही वीस दिवस दुसऱ्या गावचं पाणी पिऊन आलात, म्हणून आपलं पाणी तुम्हाला वेगळं लागतंय. आणि वयाचंही आहे. ही खोली बंद करून तुम्हाला भांडारात घ्यायचा कागद माझ्या टेबलावर महिनाभर पडलाय. मी थांबलो होतो, तुमच्या निवृत्तीला दहाच महिने आहेत म्हणून."

ते बोलणं तिला लागलं. आणि त्यातलं निम्मं बरोबर असू शकतं, हे जास्त लागलं.

"यंत्राला जे शोधायला सांगितलंय तेच ते शोधतं," ती म्हणाली. "मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. उद्या याच टेबलावर दाखवते. नाही दाखवता आलं तर तुमच्या कागदावर मुकाट्याने सही करते आणि जाते भांडारात. दाखवलं तर दोन नंबरची टाकी त्याच तासाला बंद करायची."

"मुकाट्याने?" साहेब म्हणाले.

"मुकाट्याने."

"मग कबूल," म्हणून ते गेले.

घोटबाई बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. उघड्या हवेत अर्धा तास काढला की नाक थोडं ताळ्यावर येतं. तिने लेकीच्या घरून भरून आणलेल्या स्टीलच्या बाटलीतलं पाणी चूळभर घेतलं. ते खडूसारखं होतं, जरा जड, पण त्यात कपाट नव्हतं. मग एक विचार आला म्हणून ती पुन्हा खोलीत गेली आणि केंद्राच्या पाण्याला हात न लावता सरळ कोऱ्या पाण्याच्या बाटलीचं बूच काढून एक घोट घेतला.

कपाट. हिरवं, लोखंडी, सगळ्या कप्प्यांसकट.

क्षणभर तिला वाटलं, साहेब म्हणतात तेच खरं, नाक गेलं कामातून. कोऱ्या पाण्यात वास कसा असेल? मग तिची नजर कोपऱ्यातल्या नळीकडे गेली.

"मॅडम, कोळसा कधी बदललास?"

मॅडमने मान वर केली. "बदलायचा असतो?"

घोटबाईला सगळं उमगलं. कोळसा वास गिळतो, पण त्यालाही पोट असतं. ते भरलं की तो काही अडवत नाही. लेपाचा वास सुरू झाला तेव्हा नळी आधीच भरलेली होती. म्हणजे बारा दिवस हे चौघं वासाच्या पाण्याची तुलना वासाच्याच पाण्याशी करत होते. दोन्ही ग्लास सारखेच. फरक शून्य. त्यांनी अगदी इमानदारीने शून्य लिहिलं होतं.

तिने खोलीची वही ओढली. त्यात तिच्या अक्षरात बावीस सूचना होत्या. ग्लास कसे धुवायचे, किती वाळवायचे, झाकण कोणत्या हाताने उचलायचं. कोळशाबद्दल एक शब्द नव्हता. दर पाच दिवसांनी, सगळे घरी गेल्यावर, ती स्वतः नळी रिकामी करून नवा कोळसा धुऊन भरायची. सव्वीस वर्षं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायची गरजच वाटली नाही. खरं सांगायचं तर सांगायचं नव्हतंच. ही खोली आपल्याशिवाय चालत नाही, हे तिला आतून फार आवडायचं. आता ती खरोखरच चालली नव्हती, आणि आवडण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

मॅडम घाबरली होती. "मावशी, माझ्याकडून काही चुकलं का?"

"आधी कोळशाचा डबा आण," घोटबाई म्हणाली. "रडायला नंतर वेळ आहे."

दोघींनी मिळून नळी रिकामी केली. दिवसभर नवा कोळसा धुतला, काळं पाणी जाईपर्यंत, मग राखाडी, मग स्वच्छ. संध्याकाळी चारला पहिलं नीट कोरं पाणी थेंबथेंब उतरू लागलं. मधल्या वेळात घोटबाईने तक्रारींची वही मागवली. बारा दिवसांत चार तक्रारी होत्या आणि चारही बसस्थानकासमोरच्या लॉजच्या. पुढे शेरा होता: मालक नेहमीचाच तक्रारखोर.

"बघ," ती म्हणाली. "शहरात कुणाला वास आला नाही. हळूहळू वाढला, रोज थोडा, सगळ्यांच्या नाकात घर करून बसला. लॉजवर रोज नवीन माणूस उतरतो. त्यालाच कळलं. आणि आपण त्याला तक्रारखोर म्हटलं."

मग तिने फिटर, पंपवाला आणि टायपिस्टबाईला बोलावून बजावलं, उद्या सकाळी घरून पाणी न पिता यायचं आणि सात वाजेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं. का, ते विचारायचं नाही.

घरी गेल्यावर तिने नळाच्या पाण्याला हात लावला नाही. आंघोळ नाही, चूळ नाही. बाटलीतलं उरलेलं पाणी घोटघोट पुरवलं. नवऱ्याने प्रवासाच्या धुळीने माखलेल्या बायकोकडे पाहिलं.

"वीस दिवसांनी आलीस आणि आंघोळसुद्धा करायची नाही?"

"उद्या करीन. नाक जपतेय."

"माझ्या नाकाचं काय?"

ती हसली. जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं. "कोळशाची गोष्ट कुणाला कळली नाही तरी चालेल," ती म्हणाली. "उद्या वास सिद्ध होईल, टाकी बंद होईल. पण बारा दिवस का कळलं नाही, हे साहेब विचारणारच. मी गप्प बसले तर त्या मॅडमच्या गळ्यात पडेल. ती हंगामी आहे. तिला घरी पाठवतील."

"आणि बोललीस तर?"

"तर त्यांना कागद पुढे करायला कारण मिळेल."

नवरा भूगोलाचा निवृत्त मास्तर. उपदेश करायची सवय त्याला होती, पण त्या वेळी त्याने केला नाही. "तू ठरवूनच विचारतेस नेहमी," एवढंच म्हणाला आणि ताटं उचलली.

सकाळी सातला टेबलावर प्रत्येकापुढे तीन ग्लास होते. दोनांत नव्या कोळशाचं कोरं पाणी, तिसऱ्यात केंद्राचं. कुठल्या जागी काय, ते फक्त मॅडमला माहीत, आणि ती पाठ करून उभी. वास ओळखायचा नाही, नाव द्यायचं नाही. तिन्हींतला वेगळा ग्लास तेवढा शोधायचा.

"साहेब, तुम्हीही बसा," घोटबाई म्हणाली.

"मी?"

"संत्रं कळलं ना तुम्हाला? मग बसा. श्वास सोडायला मात्र विसरू नका."

साहेब बसले. खोलीत फक्त झाकणांचा आवाज होता. फिटरने पहिल्याच फेरीत भुवया उंचावल्या. पंपवाला एका ग्लासकडे असा बघत राहिला, जणू तो त्याला ओळखत होता. टायपिस्टबाई पुटपुटली, "अगं बाई!" घोटबाईने स्वतःसमोरचा मधला ग्लास तोंडी लावला आणि कपाटाचं दार उघडलं. त्या कपाटाला पाहून तिला आयुष्यात कधी इतका आनंद झाला नव्हता.

साहेबांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला. तीनदा हुंगलं. घोट घेतला, थुंकला, शिस्तीत श्वास सोडला. त्यांना ग्लास चुकीचा निवडता आला असता. कुणी काही म्हणालं नसतं. त्यांनी उजवीकडचा ग्लास पुढे सरकवला.

मॅडमने यादी वाचली. पाचांपैकी पाच बरोबर.

"नुसत्या नशिबाने असं दोनशे त्रेचाळीस वेळांत एकदा होतं," ती म्हणाली.

साहेबांनी फोन उचलला. "दोन नंबर बंद करा. हो, आत्ता. एक नंबरवरून पुरवठा द्या, दाब कमी पडला तरी चालेल. टाकी पूर्ण रिकामी." फोन ठेवून ते खोलीकडे वळले. चेहरा दगडासारखा होता. "आता मला सांगा. हेच नाक, हेच पाणी, मग बारा दिवस शून्य कसं? कोण जबाबदार होतं या खोलीला?"

मॅडमने तोंड उघडलं. "सर, मी..."

"तिला विचारू नका," घोटबाई म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून सरळ निघाला. "कोऱ्या पाण्याचा कोळसा दर पाच दिवसांनी बदलावा लागतो. बदलला नाही की कोरं पाणीच बिघडतं आणि फरक कळत नाही. हे मला माहीत होतं. फक्त मलाच. मी वहीत लिहिलं नाही, जाताना सांगितलं नाही. सव्वीस वर्षं कुणालाच सांगितलं नाही, कारण ते माझ्याजवळ राहावं असं मला वाटत होतं. चूक हिची नाही. माझी आहे."

फिटर खाली बघत होता. साहेबांनी टेबलावरचा एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

"हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल," ते म्हणाले. "आणि मग मला तुम्हाला इथे ठेवता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय. खोली मात्र बंद करू नका. काल तुमचं यंत्र पास म्हणत होतं."

"खोली बंद होणार नाही," साहेब म्हणाले.

तिने त्याच टेबलावर बसून लिहून दिलं. मग खोलीची वही ओढली आणि तेविसावी सूचना लिहिली: कोळसा दर पाच दिवसांनी बदलणे, दोघांनी मिळून, तारीख टाकून. पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि चोविसावी लिहिली: महिन्यातून एकदा, आपल्या शहराचं पाणी न पिणाऱ्या माणसाला एक घोट देणे आणि तो जे म्हणेल त्यावर विश्वास ठेवणे.

सोमवारपासून ती भांडारात गेली. नट-बोल्ट, रबरी चकत्या, फडकी. तिथे सगळ्याला ग्रीसचा वास होता आणि तिसऱ्या दिवशी तोही येईनासा झाला. टाकीचा लेप खरवडून पुन्हा दिला, नीट वाळू दिला, तीनदा धुतला. मॅडम आठवड्यातून एकदा येऊन आकडे सांगायची. शून्य, शून्य, शून्य. घोटबाई मान डोलवायची, पण तिचं समाधान होत नव्हतं. तिचं नाक आता शहराचं झालं होतं. त्याची साक्ष तिला स्वतःलाच पटत नव्हती.

दोन महिन्यांनी लेक बाळाला घेऊन माहेरी आली. बसमधून उतरून, दमून, घामेजून. उंबरा ओलांडून आत येते न येते तोच आईने तिच्या हातातून बाळ घेतलं, नवऱ्याकडे दिलं आणि तिच्यापुढे झाकण घातलेला ग्लास धरला.

"आई, बसू तरी दे."

"बस नंतर. आधी हुंग. मग घोट घे, आणि नाकाने श्वास सोड."

लेकीने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. बापाने खांदे उडवले. तिने हुंगलं. घोट घेतला. डोळे मिटून नाकाने सावकाश श्वास सोडला.

"काय येतंय?" घोटबाईने विचारलं. तिचे हात एकमेकांत घट्ट अडकले होते.

"काहीच नाही."

"नीट बघ. रंग? कपाट?"

"कसलं कपाट? आई, काहीसुद्धा नाही. पाणी आहे नुसतं."

घोटबाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मग उठून तिने बाळाच्या आंघोळीसाठी बादली नळाखाली लावली.